निकालाच्या रात्रीचं सामान

पहिलं दूध. निकालाच्या दिवशी घरात आठ माणसं असतील तर रोजच्या दुधावर चार लिटर जास्त, आणि त्यातल्या दीड लिटरच्या पिशव्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या खाली दडवून. दडवायच्या कशाला, तर 2019 ला मी दडवल्या नव्हत्या. संध्याकाळी सातपर्यंत दुधाचा थेंब उरला नाही. रात्री साडेदहाला तिकडे मतयंत्रांच्या चिठ्ठ्यांची मोजणी रेंगाळलेली आणि इकडे आठ जणं कोऱ्या चहाचे कप हातात धरून माझ्याकडे अशी बघत होती, जणू निकाल मीच अडवून धरलाय.

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरी लोकसभेचे तीन निकाल सगळ्यांनी मिळून पाहिले. 16 मे 2014, 23 मे 2019 आणि 4 जून 2024. तिन्ही वेळा चूक एकच झाली, आणि ती माझी. तयारी सगळी सकाळची. आठच्या ठोक्याला पोहे, जिलबी, गाळलेला चहा, सोफ्यावरची नवी खोळसुद्धा. दुपारी तीन-चारला देशाचं चित्र कळलं की निम्मी मंडळी चपला शोधायला लागतात आणि उरलेली पेंगायला. पाहण्यासारखं जे असतं ते त्यानंतर सुरू होतं. रात्री ज्या जागा लटकलेल्या राहतात त्यांच्यासाठी माणसांत जीव शिल्लक हवा, घरात दूध शिल्लक हवं. म्हणून ही यादी मी यंदा रात्रीकडून सकाळकडे लिहीत आणली आहे. 2029 ला उपयोगी पडेल. विधानसभेलाही चालेल, फक्त बहुमताच्या 272 च्या जागी 145 वाचायचं.

माणसं कोण बोलवायची हे ठरवताना मैत्री बघायचीच, पण मतदारसंघही बघायचे. आमच्याकडे ते आपसूक जमून आलंय. ऐरोलीकर खाडीपलीकडे नवी मुंबईत राहतो, तरी मत आमच्याच ठाणे लोकसभेत, कारण मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून ठाणे होतं. कळवेकर मात्र एक पूल ओलांडला की घरी, आणि त्याचा खासदार कल्याणचा. कळवा-मुंब्रा कल्याणला जोडलेलं आहे. डोंबिवलीकरीणही कल्याणचीच. मुलुंडकर चेकनाक्यापलीकडचा, म्हणजे ईशान्य मुंबई. एका खोलीत तीन खासदार ठरतात, त्यामुळे एकाचा विषय संपला की दुसऱ्याचा सुरू होतो. सगळे एकाच मतदारसंघातले असतील तर दुपारी एकलाच पत्ते काढावे लागतील. ठाण्याच्या भरवशावर तर रात्र जागवताच येत नाही. तिन्ही वेळा इथला फरक दोन लाखांच्या वर. राजन विचारे दोनदा तसे जिंकले आणि 2024 ला नरेश म्हस्क्यांकडून 2 लाख 17 हजारांनी हरले. आपल्या गल्लीतली एवढी मोठी गोष्ट जेवणाच्या आत संपून जाते.

रात्री आठनंतर घरी जायची घाई असणाऱ्याला बोलवू नये. तो बसतो सोफ्यावर, पण लक्ष सगळं लोकलच्या वेळापत्रकात. आदल्या रात्री मुक्काम आणि निकालाच्या रात्रीही मुक्काम, हे आमंत्रणातच सांगायचं. आठ माणसांना गाद्या चार, सतरंज्या दोन, उशा मिळतील तेवढ्या, चादरी आपापल्या आणायला सांगायच्या. पंख्याखालची जागा वयाने नाही, आलेल्या क्रमाने. मच्छरांचं काहीतरी बघून ठेवायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात पाऊस आलेला नसतो आणि घाम थांबलेला नसतो. वॉचमनला आठ नावं लिहून द्यायची, म्हणजे दर वेळी इंटरकॉम वाजत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवायचं, की आवाज आमचा असेल, फटाके आमचे नसतील.

टीव्हीचं म्हणाल तर आदल्या रात्रीच रिचार्ज बघून घ्यायचा, सकाळी पावणेआठला नाही. वाहिन्या दोनच ठरवायच्या, एक मराठी आणि एक देशाचं दाखवणारी, आणि रिमोट अशा माणसाकडे द्यायचा ज्याला राजकारणात फारसा रस नाही. आमच्याकडे तो मुलुंडकराच्या बायकोकडे असतो. ती जाहिरात लागली की आवाज बंद करते आणि पॅनेलवर चारजण एकदम बोलायला लागले तरी बंद करते. 2014 ला दुपारी बाराला वीज गेली होती. सव्वा तास एका मोबाईलभोवती आठ डोकी. तेव्हापासून इन्व्हर्टरचं पाणी तपासणे, राऊटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावणे आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड खोलीच्या मध्यभागी आणून ठेवणे, ही तीन कामं नवऱ्याच्या नावावर आहेत. तो स्वतः दहाला झोपतो, पण ही कामं चोख करतो.

सासूबाईंशी मात्र मीच बोलते. त्यांच्या मालिका सातला सुरू होतात, आणि अटीतटीच्या जागा साधारण त्याच सुमारास उकळीला येतात. 2019 ला यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. 2024 ला त्यांना आधीच टॅबवर मालिका लावून दिल्या, हेडफोन शिकवले. त्यांनी अर्धा भाग पाहिला, हेडफोन काढले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कोण पडलं?" त्यांना जिंकलेला कधी नको असतो, पडलेला हवा असतो. ही सवय 1977 ची आहे म्हणतात. तेव्हा त्या गिरगावात, चाळीच्या गॅलरीत एकच रेडिओ, रात्र उलटून गेलेली, आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. राज नारायण 55 हजारांनी आले. "आम्हाला चहासुद्धा नव्हता," असं त्या दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी माझ्याकडे बघून म्हणतात.

आता कागद. यादीतली ही बाब मी सगळ्यात मनापासून लिहितेय, कारण एवढी एक गोष्ट नीट केली तर बाकीचं थोडं फसलं तरी चालतं. गोखले रोडवरून एक मोठी कार्डशीट आणायची, तिच्यावर महाराष्ट्राच्या 48 जागा विभागवार आखायच्या. विदर्भ वेगळा, मराठवाडा वेगळा, उत्तर महाराष्ट्र वेगळा. प्रत्येक जागेपुढे तीन रकाने: पुढे कोण, कितीने, आणि कितव्या फेरीअखेर. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. टीव्हीवर "दहा हजारांनी आघाडी" एवढंच दिसतं. ते दहा हजार तिसऱ्या फेरीतले असतील तर त्यांना काही किंमत नाही, बाविसाव्या फेरीतले असतील तर उमेदवाराच्या घरी गुलालाची पोती फुटलेली असतात.

फेरी म्हणजे काय, हे डोंबिवलीकरणीने आम्हाला समजावलं. ती शाळेत शिक्षिका आहे आणि एकदा मतमोजणीच्या ड्यूटीवर होती. एका विधानसभा मतदारसंघासाठी साधारण 14 टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एका केंद्राचं यंत्र. चौदा केंद्रांची मोजणी झाली की एक फेरी. समजा एखाद्या मतदारसंघात 350 केंद्रं आहेत, तर 25 फेऱ्या. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका जागेत असे सहा मतदारसंघ, सहाही ठिकाणी मोजणी एकदम सुरू, पण प्रत्येकाचा वेग वेगळा. एकीकडे बारावी फेरी चालू असते तेव्हा दुसरीकडे कुठेतरी आठवीच. शेवटी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडून बघतात, म्हणजे लोकसभेच्या एका जागेत तीस केंद्रं. 2019 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाचे पाच करायला सांगितले, म्हणून त्या वर्षी मला दूध कमी पडलं. हे कारण मी अजूनही सासूबाईंना देते.

या रकान्यांची किंमत आम्हाला धुळ्याने शिकवली. 2024 ला धुळ्यात सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत सुभाष भामरे पुढे होते. कळवेकराने दुपारीच धुळ्यापुढे त्यांचं नाव पेनाने लिहून टाकलं. पेनाने, पेन्सिलीने नाही. सहावा होता मालेगाव मध्य. तिथे शोभा बच्छाव यांना एवढी प्रचंड आघाडी मिळाली की पाचही ठिकाणची तूट भरून वर 3,831 उरले. कार्डशीटवरची ती खोडाखोड अजून तशीच आहे. तेव्हापासून पेन्सिली चार, टोकयंत्र एक, खोडरबर दोन, आणि पेन घरात दिसलं तर उचलून कपाटात ठेवायचं. शिवाय असा नियम, की कुठला विधानसभा मतदारसंघ मागे राहिलाय हे विचारल्याशिवाय कुणालाही विजयी म्हणायचं नाही. हे निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर पाहायचं. ते टीव्हीच्या मागे चालतं, पण चालतं सरळ. एक लॅपटॉप फक्त त्यासाठी. त्याच्यावर दुसरं काही उघडू द्यायचं नाही, विशेषतः शेअर बाजार. आमच्यातल्या एकाने 4 जूनला तो उघडला होता. सेन्सेक्स त्या दिवशी 4,389 अंकांनी आपटला आणि हा माणूस मसालेभाताला नाही म्हणाला. त्याला पुढच्या वेळी बाल्कनीतली खुर्ची.

सकाळी आठ ते नऊ पेन्सिल उचलायची नाही. आठला टपाली मतं घेतात, यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते, पण वाहिन्यांवर आठ वाजून दहा मिनिटांनीच आकडे नाचायला लागतात. तेवढ्या वेळात पोहे खाऊन घ्यायचे.

बेरीज 543 ची यायला हवी असं धरून बसू नका. 2019 ला वेल्लोरची निवडणूक रद्द झाली होती, 2024 ला सुरतचा उमेदवार बिनविरोध निवडून आला होता, म्हणून दोन्ही वेळा मतमोजणी झाली 542 जागांची. ऐरोलीकर 2019 ला एक जागा शोधत अर्धा तास बसला होता.

खाण्याचं आता. वार बघा. 2024 चा निकाल मंगळवारी होता आणि आमच्यात दोघांचा मंगळवार. 2019 चा गुरुवारी, तेव्हा आणखी एकीचा गुरुवार. मटणाचा बेत त्यामुळे आपोआप बारगळतो आणि ते बरंच होतं, कारण मटण खाल्लेला माणूस चारला आडवा होतो. उपासवाल्यांसाठी साबुदाणा रात्रीच भिजवून ठेवायचा, दाण्याचं कूट करून ठेवायचं. मिसळ बाहेरून आणायची तर दहाच्या आत, नंतर टेंभी नाक्याच्या बाजूला ढोल-गुलाल सुरू झाला की स्कूटर निघत नाही. दुपारी मसालेभात, काकडीची कोशिंबीर, ताक भरपूर. पाचला भेळ. भेळेचा कांदा-कोथिंबीर ज्याने चिरायचा त्याला सकाळीच सांगायचं, म्हणजे पाचला त्याचं पोट दुखत नाही. कुंजविहारचे वडापाव सातला. ऐरोलीकर स्टेशनजवळ जाऊन आणतो आणि एक वाटेत खातो, तो हिशेबात धरायचा. कागदी प्लेट, कागदी कप. घरातले कप काढलेत तर रात्री सव्वाला बेसिनमध्ये डोंगर.

रात्रीचं जेवण मात्र आधी करून ठेवायचं नाही. साडेदहाला गरम पिठलं-भात, हिरव्या मिरचीचा ठेचा. बेसन कालवायला दहा मिनिटं, कुकरला पंधरा. पिठल्याची फोडणी बसली की त्या वासाने पेंगणारी माणसं उठून बसतात. कॉफीपेक्षा भारी. लसूण दिवसाच सोलून वाटीत झाकून ठेवायचा.

मतमोजणीच्या दिवशी ड्राय डे असतो. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

चिठ्ठ्यांचा डबा. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने चार आकडे लिहून घडी घालायची: भाजप किती, काँग्रेस किती, महाराष्ट्रात युतीला किती, आघाडीला किती. खाली सही. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, डबा देव्हाऱ्यासमोर, किल्ली नाही पण सासूबाईंची नजर आहे. रात्री सगळ्या जागा लागल्यावर उघडायचा. ज्याचे आकडे सगळ्यात जवळ त्याला भांडी माफ. 2024 ला एक्झिट पोल 1 जूनच्या संध्याकाळी आले आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे वाहवत गेलो. आठही चिठ्ठ्यांत भाजपला 290 च्या खाली कुणी धरलं नव्हतं. आले 240. काँग्रेसचे 99 कुणाच्याच कागदावर नव्हते. महाराष्ट्रात आघाडीला 30, महायुतीला 17 आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील, यातलं 17 फक्त सासूबाईंचं जवळपास बरोबर निघालं. त्यांनी 18 लिहिले होते. भांडी त्या तशाही घासत नाहीत, त्यामुळे बक्षीस फुकट गेलं. पुढच्या वेळी चिठ्ठ्या एक्झिट पोलच्या आधीच लिहून घ्यायच्या.

भांडणाची तयारी वेगळी करावी लागते. ठाण्यात धनुष्यबाण आणि मशाल एकाच घरात असतात, भाऊ-भाऊ, नवरा-बायको. आमच्या आठांतही आहेत, आणि ते वीस वर्षांपूर्वी एकाच शाखेत गणपतीची वर्गणी गोळा करायचे. अशा दोघांना एका सोफ्यावर बसवायचं नाही, समोरासमोरही नाही, शेजारी-शेजारी पण मध्ये डोंबिवलीकरीण. ज्याची जागा पडली त्याच्याशी अर्धा तास निकालावर बोलायचं नाही, त्याला चहा द्यायचा. "मी म्हटलं होतं" हे वाक्य डबा उघडेपर्यंत बंद. मोबाईलवरचे टोमणे मोठ्याने वाचून दाखवायचे नाहीत. 2024 ला कळवेकराने एक वाचला, समोरचा उठून बाहेर गेला, आणि मला वाटलं गेला हा आता घरी. तो खाली कोपऱ्यावर पान खाऊन परत आला आणि येताना सगळ्यांसाठी मसाला पान घेऊन आला, कळवेकराचं सोडून.

झोपेचं पाळीने करायचं. देशाचं चित्र ठरलं की चार ते सहा निम्म्यांनी आतल्या खोलीत जाऊन झोपायचं, सहा ते आठ उरलेल्यांनी. उठवायची जबाबदारी नाव घेऊन द्यायची. 2024 ला मुलुंडकराला कुणी उठवलं नाही. ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील 29,861 मतांनी जिंकले ते त्याला उठल्यावर सासूबाईंनी सांगितलं, अर्थात "कोटेचा पडले" अशा शब्दांत.

पण त्याहून मोठं चुकलं असतं ते वायव्य मुंबईचं. संध्याकाळी अमोल कीर्तिकर जिंकल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या आणि कागदावर पेन्सिलीने नावही पडलं होतं. मग बाद ठरलेली टपाली मतं पुन्हा तपासताहेत असं कळलं. लॅपटॉपवर आकडे आले तेव्हा डोंबिवलीकरणीने ते मोठ्याने वाचले आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094. एका मताने पुढे. टपाली मतांत वायकर 1,550, कीर्तिकर 1,501. बेरीज केली तर वायकर 48 ने जिंकले. नऊ लाखांवर मतं दोघांत वाटली गेली आणि फरक आमच्या मजल्यावरच्या चार घरांतली माणसं आणि त्यांचे पाहुणे मिळून होईल तेवढा. सकाळी आठला जी टपाली मतं मोजतात आणि तेव्हा आपण पोहे खातो, त्यांनीच रात्री निकाल फिरवला. तरीही आठ ते नऊचा माझा नियम मी बदललेला नाही. पोहे गरमच खायचे असतात.

त्यानंतर बीड होतंच. पंकजा मुंडे आणि बजरंग सोनवणे, रात्री उशिरापर्यंत हेलकावे. पिठलं झालं, ठेचा संपला, नवरा कधीच झोपला होता, ऐरोलीकर भिंतीला टेकून डोळे मिटून "कितवी फेरी?" एवढंच विचारायचा. सोनवणे 6,553 ने आले तेव्हा आम्ही चौघं आणि सासूबाई जागे होतो.

त्या वेळी चहा हवा होता. मी फ्रीज उघडला, दुधाच्या पिशव्या शोधल्या, सापडल्या नाहीत. मेथी दुपारीच कुणीतरी निवडून पराठ्यांसाठी घेतली होती आणि कप्पा आवरताना पिशव्या कुठे सरकवल्या ते त्यालाही आठवेना. पुन्हा कोरा चहा, पुन्हा तीच नजर. शनिवारी मटार काढायला फ्रीझरमध्ये हात घातला तर दीड लिटर दूध दगडासारखं गोठलेलं हाताला लागलं. यादीत आता दुधापुढे कंसात एक ओळ वाढवली आहे: कुठे ठेवलं ते सासूबाईंना सांगून ठेवणे.